पाटण्याचा शिलालेख आणि मोठ्या मायचे सागरगोटे

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरात जी साफसफाई निघते ती एखाद्या उत्खननाहून कमी नसते. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, पत्र्याच्या पेट्या उघडल्या जातात, आणि दरवर्षी काही ना काही अशी वस्तू हाती लागते की जिच्यापायी काम करणारी माणसे हातातला झाडू टाकून खाली बसतात. गेल्या दिवाळीत अशीच एक चिंध्यांची पिशवी निघाली. तिचे तोंड नाडीने आवळलेले होते. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने ती सोडून उलटी केली, तेव्हा करड्या रंगाचे, गुळगुळीत, बोराएवढे पाच गोटे खडखडत जमिनीवर पडले.

“बाबा, हे काय?” तिने विचारले.

मी शाळामास्तर. त्यातून इतिहास शिकविणारा. चार कादंबऱ्याही माझ्या नावावर आहेत. पानिपत कोणत्या साली झाले हे मला झोपेतून उठवून विचारले तरी मी सांगेन. परंतु या पाच गोट्यांचा खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून दाखव असे कोणी म्हटले, तर मला तो येत नाही. आणि येत नाही यात दोष माझाच आहे. त्या दोषाची कबुली द्यावी आणि तिच्या निमित्ताने आमच्या खानदेशाच्या इतिहासातील दोन गोष्टी वाचकांना सांगाव्यात, एवढ्यासाठीच हा लेख.

ते गोटे माझ्या आजीचे. तिला आम्ही मोठी माय म्हणत असू. गिरणेच्या काठी आमचे गाव. घर धाब्याचे, ओसरी शेणाने सारवलेली. सकाळी भाकरी बांधून आई-वडील कपाशीच्या वावरात जात ते दिवेलागणीलाच परतत. घरात उरत असू आम्ही पोरे आणि मोठी माय. उन्हाळ्यात तर आमच्या जळगावकडचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. दुपारी बाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. अशा दुपारी मोठी माय भिंतीला टेकून बसायची, पाय पसरायची आणि कमरेची पिशवी सोडायची.

सागरगोट्यांना आमच्याकडे गजगेही म्हणतात. काटेरी शेंगेत येणारे हे बी. खेळ साधा दिसतो. पाच गोटे जमिनीवर टाकायचे. एक वर उडवायचा. तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा आणि पडणाराही झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. त्यानंतर पाचही उडवून पालथ्या हातावर घ्यायचे. शेवटी डाव्या हाताच्या बोटांची कमान करून तिच्याखालून एकेक गोटा पार करायचा. प्रत्येक पायरीला मोठी माय एकेक शब्द म्हणे. असे नऊ शब्द होते. त्यांचा अर्थ तिलाही ठाऊक नव्हता. मी एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली, “मनी मोठी मायनी माले शिकाडं.” तिच्या आजीने तिला शिकविले, एवढे प्रमाण तिला पुरेसे होते.

माझा गोटा पडला की ती हसत म्हणायची, “तुना हात नही चुकना रे भाऊ, तुनी नजर चुकनी.” हात चुकला नाही, नजर चुकली. पुढे मास्तर झाल्यावर मुलांच्या चुकांविषयी मी पुष्कळ ऐकले नि वाचले. पण या वाक्यापलीकडे फारसे काही मला सापडलेले नाही. आणि हाच गोटा पावसाळ्यात कोणा पोराला ताप आला अथवा पोट दुखले की उगाळून चाटविला जाई. कडू जहर! खेळ नि औषध एकाच पिशवीत राहत होते.

मग मी शाळेत जाऊ लागलो. एके दिवशी मधल्या सुटीत ते नऊ शब्द म्हणत मी खडे उडवीत असताना एका मास्तरांनी ते ऐकले आणि “हे काय गावठी बडबडतोस?” म्हणून वर्गापुढे माझी नक्कल केली. वर्ग हसला. त्या दिवसापासून मी ते शब्द टाकले. मोठ्या मायने पिशवी सोडली की मी अभ्यासाचे निमित्त सांगून उठू लागलो. ती बिचारी काही बोलली नाही. पिशवीची नाडी ओढून घेई. माझ्या मॅट्रिकच्या वर्षी ती गेली. नऊ शब्दांपैकी आज मला पाच आठवतात. चार तिच्याबरोबर गेले.

असो. आता आपण गिरणेच्या काठावरून थोडे दक्षिणेकडे जाऊ.

चाळीसगावपासून अठरा-एक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत, पाटणे नावाचे गाव आहे. तेथील देवीला आम्ही पाटणादेवी म्हणतो. शाळेच्या सहली तेथे जातात. मुले झऱ्यात पाय बुडवून डबे खातात आणि परततात. परंतु ज्या शिलालेखामुळे हे स्थान विद्वानांच्या जगात प्रसिद्ध झाले, त्याची गोष्ट मुलांना क्वचितच कोणी सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. त्याचा बराच भाग संस्कृत असून शेवटचा काही भाग जुन्या मराठीत आहे. काळ शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. देवगिरीवर त्या वेळी यादवांचे राज्य होते आणि या भागात त्यांचे मांडलिक निकुंभ वंशाचे राजे नांदत होते.

या लेखात चांगदेव नावाच्या ज्योतिष्याचा उल्लेख आहे. हा चांगदेव म्हणजे ज्ञानदेवांना कोरे पत्र धाडणारा योगी नव्हे. त्या योग्याचे देऊळ आमच्याच जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर आहे, म्हणून घोटाळा होऊ नये यासाठी सांगितले. हा चांगदेव यादव राजा सिंघण याच्या पदरचा ज्योतिषी. त्याच्या बापाचे नाव लक्ष्मीधर, आणि लक्ष्मीधराच्या बापाचे नाव भास्कराचार्य! ज्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला, त्या भास्कराचार्यांचा हा सख्खा नातू. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने पाटण्यास मठ काढला. निकुंभ राजांनी त्या मठाला उत्पन्न नेमून दिले. आणि त्या दानाचा हा लेख.

बापाने मुलासाठी ठेवलेली इस्टेट आपण रोज पाहतो. नातवाने आजोबांच्या विद्येसाठी दगडात कोरून ठेवलेली ही व्यवस्था मात्र विरळा, आणि ती आमच्या खानदेशात आहे याचा मला मास्तर म्हणून मोठा अभिमान वाटतो.

आणि त्या आजोबांची विद्या तरी कशी होती? ‘लीलावती’ हा सिद्धान्तशिरोमणीचाच अंकगणिताचा भाग. ‘लीला’ म्हणजे खेळ, हे तर नावातच आले. खांबावर बसलेला मोर आणि बिळाकडे पळणारा साप, फुलाफुलांवर वाटले गेलेले भुंगे, वाऱ्याने मोडून शेंडा जमिनीला टेकलेला वेळू, अशा गमतींतून गणित मांडलेले आहे. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली या ग्रंथाचे फारसी भाषांतर केले, आणि लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या वेळी घटिकापात्रात मोती अडकून मुहूर्त टळला, ही करुण कथा त्या फारसी भाषांतरातून पसरली. कथा खरी असो नसो, एक गोष्ट स्पष्ट आहे. शिकविणाऱ्याने कोडे घालायचे आणि शिकणाऱ्याने हसत-खेळत सोडवायचे, ही रीत मोठ्या पंडिताच्या घरीही चालत होती.

पाटण्याचा मठ आज नाही. लेख मात्र आहे. एकदा सहलीच्या वेळी मुलांना ही हकीकत सांगत असताना माझ्या मनात सहज आले: चांगदेवाने आपल्या आजोबांसाठी शिलालेख कोरला, मोठ्या मायच्या आजीसाठी कोणी काय कोरले?

मग मी विचार करू लागलो, आणि मला असे दिसू लागले की खेळांचेही शिलालेख असतात. फक्त ते दगडावर नसून मुलांच्या हातांत नि तोंडांत असतात. धुळ्याला ज्यांनी आपला देह ठेवला त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली, वाड्यांच्या माळ्यांवरून कागदांचे रुमाल उतरविले. त्यांच्या मागे धुळ्यास उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ तो ठेवा सांभाळीत आले आहे. राजवाडे माळ्यावर कागद चाळीत असताना त्याच वाड्यांच्या ओसरीवर कोणी आजी नातीला गोटे झेलायला शिकवीत असेल. तेही एक दप्तरच उलगडत होते.

त्या दप्तरातील चार-दोन कागद वाचकांपुढे ठेवतो.

विटीदांडू आपण सर्वांनी खेळलेला. विटी कधी पायाच्या पंजावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर ठेवून टोलवायची, आणि प्रत्येक टोल्याचे नाव निराळे: वकट, लेंड, मूंड, नाल. पुढली नावे गावोगाव थोडी बदलतात. ही चार बहुतेक कायम. लहानपणी आम्हाला ते निरर्थक शब्द वाटत. आता तेलुगू भाषेतले आकडे पाहा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार! तापीच्या खोऱ्यात, जिथे तेलुगूचा एक शब्द कोणाला कळत नाही, तिथली पोरे पिढ्यान् पिढ्या तेलुगूसारखे आकडे मोजीत विटी टोलवीत आली. सातवाहनांच्या काळापासून मराठी, कानडी आणि तेलुगू मुलूख राज्यांनी, फौजांनी, तांड्यांनी एकमेकांशी जोडलेले होते. त्या संबंधाची खूण ताम्रपटांत आहे तशी विटीच्या टोल्यातही आहे.

दुसरा कागद कवड्यांचा. सारीपाटावर नि पचिशीत आपण कवड्या टाकतो. समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या खेड्यांत ह्या कवड्या आल्या कोठून? हिंदुस्थानात येणाऱ्या कवड्यांचे मोठे आगर मालदीव बेटे. तेथून गलबतांतून त्या येत आणि नाणे म्हणून बाजारात चालत. कवडीचे चलन एकोणिसाव्या शतकात सरले. परंतु ‘कवडीमोल’ नि ‘कवडीचुंबक’ हे शब्द भाषेत राहिले, आणि खुद्द कवडी आजीच्या पाटावर राहिली. बाजाराने टाकलेले नाणे खेळाने सांभाळले.

तिसरा कागद आमच्या भुलाबाईचा. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशात नि वऱ्हाडात मुली भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात आणि खाऊ ओळखण्याचा खेळ खेळतात. तिची कथा आजीबाई सांगतात ती अशी: शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसले. शंकर डाव हरले आणि रुसून रानात निघून गेले. तेव्हा पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेतले, त्यांना भुलविले आणि घरी आणले. म्हणून ती भुलाबाई नि ते भुलोजी. आता चाळीसगावहून घाट चढून वेरूळला जा. तेथील लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळत बसलेले कोरलेले आहेत. रामेश्वर लेण्यात आहेत, रावण की खाईत आहेत. ते शिल्प सहाव्या-सातव्या शतकातले. घाटावर जी गोष्ट शिल्पकाराने दगडात कोरली, तीच घाटाखाली आमच्या नातींना आज्या सांगत आल्या. एका गोष्टीला छिन्नी लागली, दुसरीला फक्त गळा.

आणि सागरगोटे? ते तर जगभर आहेत. पीटर ब्रूगेल नावाच्या चित्रकाराने १५६० साली मुलांच्या खेळांचे एक मोठे चित्र काढले. ते आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात ऐंशीच्या आसपास खेळ आहेत, आणि डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात दोन मुली हाडांच्या गोट्यांनी आपलाच हा खेळ खेळत बसल्या आहेत. त्या चित्राची छापील प्रत मी प्रथम पाहिली तेव्हा मला मोठी माय आठवली. बैठक तीच, वाकलेली मान तीच.

आता थोडा हिशेब करू. मास्तरकीची सवय सुटत नाही. इंग्लंडात आयोना आणि पीटर ओपी या पति-पत्नींनी शाळकरी मुलांच्या गाण्यांचा नि खेळांचा फार मोठा संग्रह केला. त्यांचे पुस्तक १९५९ साली निघाले. त्यांचे म्हणणे असे की, मुले हा ठेवा मोठ्यांकडून घेत नाहीत, एकमेकांकडून घेतात; थोरला पोरगा धाकट्याला देतो, तो त्याहून धाकट्याला. मैदानावरच्या खेळांना हे लागू आहे. विटीदांडू मी आजोबांकडून शिकलो नाही, गल्लीतल्या पोरांकडूनच शिकलो. पण ओसरीवरच्या खेळांचे आमच्याकडे निराळे. ते आजीकडून नातीला गेले; कारण मधली पिढी वावरात होती. घरात उरणारी माणसे दोनच प्रकारची: ज्यांना अजून काम जमत नाही ती, आणि ज्यांना आता काम होत नाही ती. खेळायला फुरसत यांनाच.

याचा परिणाम पाहा. मोठी माय १९२० च्या आगेमागे जन्मलेली. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या आजीकडून हा खेळ शिकली. ती आजी १८६५ च्या सुमाराची. त्या आजीला जिने शिकविले असेल ती तिची आजी १८१० च्या सुमाराची, म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा ती परकरी पोर होती. मी, मोठी माय, तिची आजी आणि त्या आजीची आजी: केवळ चार हातांत आपण पेशवाईत पोहोचलो. आजी-नातवंडांची एक उडी म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षे. या हिशेबाने चांगदेवाच्या मठापासून आजवर किती हात झाले? पंधरा! आमच्या ओसरीवर पंधरा माणसे सहज मावतात. दिवाळीच्या फराळाला एवढी माणसे असतातच. त्यांतल्या एका टोकाला माझी मुलगी बसेल आणि दुसऱ्या टोकाला यादवांच्या राज्यातली एखादी नात.

मैदानावरचा खेळ पन्नास वर्षांत दहा पोरांच्या हातून जातो. ओसरीवरचा एकाच उडीत तेवढे अंतर तोडतो. म्हणूनच जुने पुष्कळसे जुनेच राहून आपल्यापर्यंत येते. परंतु यातच धोकाही आहे. दहा पोरांतले एक विसरले तर नऊ असतात. आजीसमोरून तिचा एक नातू अभ्यासाचे निमित्त सांगून उठला, की पन्नास वर्षांचा पूल पडतो. मी तो पाडला, म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण घ्या. १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही, जात्यावर नि वावरात गाणी जुळवीत गेल्या. त्यांच्या सोपानदेवांनी नि घरच्या माणसांनी ती टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. वह्या आचार्य अत्र्यांनी पाहिल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. घरात कोणी टिपून ठेवले नसते तर आज त्यांतली एक ओळ आपल्याला ठाऊक नसती. किती घरांत बहिणाबाई होत्या नि टिपणारे नव्हते, हा हिशेब मात्र मला करवत नाही.

आता काळ बदलला आहे. याबद्दल रडगाणे गाण्याचा माझा विचार नाही. खानदेशची कितीतरी कुटुंबे पोटासाठी सुरतेला गेली, पुणे-नाशिकला गेली. नातवंडे तिकडे नि आज्या इकडे. शिवाय खेळ हे मेलेल्या माणसासारखे एकदाच जात नाहीत. ते वेष पालटून परतही येतात. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर मुले मोबाइलवर लुडो खेळू लागली. आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या आत्याबाई नातवाच्या खांद्यावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, “अरे, ही तर पचिशी!” त्यांचे अगदी खरे होते. पचिशीच इंग्लंडात गेली, कवड्या टाकून तिने फासा घेतला, १८९६ साली तिला ‘लुडो’ म्हणून पेटंट मिळाले आणि ती पुठ्ठ्यावर छापून परत आली. सापशिडीचेही तसेच. आपल्या मोक्षपटात घराघरावर पाप-पुण्यांची नावे होती. परंपरा तो पट ज्ञानदेवांच्या नावावर घालते. तिकडे जाऊन आला तेव्हा घरांतली नावे पुसली गेली होती, एक ते शंभर आकडे तेवढे उरले. आत्याबाईंनी त्या दिवशी नातवाला जमिनीवर खडूने पचिशीचा पट काढून दाखविला. मोबाइलने दार उघडून दिले, आत्याबाई आत शिरल्या.

हे पाहून मी माझ्या वर्गात एक प्रयोग केला. दिवाळीच्या सुटीचा अभ्यास म्हणून मुलांना सांगितले: आपल्या आजी-आजोबांकडून एक खेळ शिकून या, आणि ते बोलतील तसेच शब्द लिहून आणा, शुद्ध करू नका. हे शेवटचे मी मुद्दाम सांगितले. कारण माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा एका पोराला अहिराणी बोलल्याबद्दल बाकावर उभे केले होते. माझ्यावर झाले तेच मी पुढे चालविले. वाईट रीतही अशीच हातोहात जाते, हे येथे नमूद केले पाहिजे.

पुष्कळ मुले कोऱ्या वह्या घेऊन परतली. परंतु शिरपूरकडच्या एका मुलाने पंचवीस घरांचा चौकोनी पट आणला. फासे म्हणून आजीने त्याला चार चिंचोके फोडून दिले होते. एका मुलीच्या आजोबांनी आखाजीच्या झोक्याची दोरी कशी वळायची ते सांगितले होते. एक पोरगा म्हणाला, “सर, आजी पहिल्यांदा रडली, मग खेळली.” त्याला कारण कळले नव्हते. मी विचारले नाही.

पुन्हा आमच्या घरच्या पिशवीकडे येतो. मुलीने ‘हे काय?’ म्हटल्यावर मी ते गोटे आईपुढे ठेवले. आई माहेरची साक्रीकडची, धुळे जिल्ह्यातली. सारा जन्म वावरात गेला. ती म्हणाली, “माले नही येस रे भाऊ.” मला येत नाही. मग तिने गोटे चाळा म्हणून हातात घेतले, एक वर उडविला, आणि पाहतो तो जमिनीवरचा एक तिच्या मुठीत! तिचे तिलाच नवल वाटले. साठ वर्षांत तिने गोट्याला हात लावला नव्हता. तोंड विसरले होते. हात विसरला नव्हता. एक-एक झाले, दोन-दोन झाले, तीन आणि एक झाला. चार एकदम घेताना बोटे आखडली, गोटे सांडले. “नजर चुकनी,” मी म्हणालो. आई खळखळून हसली. सासूचे वाक्य तिने ओळखले होते.

शब्द मात्र तिला आठवेनात. आणि आठवले असते तरी ते साक्रीचे, गिरणाकाठचे नव्हेत. मग मी माझे पाच शब्द सांगितले. चाळीस वर्षांत ते प्रथमच तोंडावाटे काढले. मुलीने ते पाठ केले आणि रिकाम्या चार जागी आपल्या मनाने चार शब्द बसविले. सातव्या जागी तिने घातले ‘चिंगी’. चिंगी म्हणजे सुरतेहून आलेली तिची चुलत बहीण, जी समोर बसून डाव मोजीत होती.

माझ्यातला इतिहासाचा मास्तर खडबडून जागा झाला. “असे चालत नाही,” मी म्हणणार होतो. “मूळ शब्द गेले ते गेले, त्या जागा रिकाम्या ठेव.” पण शब्द ओठांवर आला नि थांबला. ‘रेंडु’चे ‘लेंड’ कोणी केले? कोण्या पंडिताने नव्हे. ऐकलेले नीट न कळलेल्या, पण खेळ थांबवायची इच्छा नसलेल्या एखाद्या नातवानेच ना? जिथे कळले नाही तिथे त्याने आपल्या जिभेला जमेल ते घातले आणि विटी टोलविली. त्याने मास्तरासारखे जागा रिकामी ठेवली असती, तर आज आपल्याला ‘लेंड’ही मिळाला नसता. पाटण्याच्या मठात ग्रंथाचे अक्षर न अक्षर जपले जावे हे योग्यच. गणितात चिंगी चालत नाही. ओसरीवरचा ठेवा मात्र खेळत राहिला तरच राहतो, आणि थोडा बदलूनच राहतो.

आणखी पाचशे वर्षांनी एखादा संशोधक आमच्या गिरणाकाठी येईल, आणि ‘चिंगी’ हा शब्द कोणत्या द्राविड भाषेतून आला यावर डोके खाजवीत बसेल. बसो बापडा. त्याच्या डोक्याला काम लावून जाण्यात माझ्या मुलीचा, तिच्या आजीचा आणि मोठ्या मायचा सारखाच हात असेल.

तेवढ्यात आतून पोहे तळल्याचा वास आला, आणि ‘आता एकच डाव’ म्हणत पोरींनी गोटे पुन्हा पसरले. वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्याही घरी अशीच माणसे जमलेली असतील. दुपारी फराळ आटोपल्यावर थोरली माणसे भिंतीला टेकून बसतील. त्यांना एवढेच विचारा: तुम्ही लहानपणी काय खेळत होतात? आणि ती ‘आता काय आठवतंय’ म्हणाली, तर उठू नका. त्यांच्या हातात चार खडे द्या आणि शेजारी बसा.